ग्रीसमध्ये बेटांवरून बेटांवर जहाजाने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीसला निघालेल्या ओळखीच्या माणसांना मी फोनवर जे पुन्हा पुन्हा सांगत आले, ते इथे एकदा नीट लिहून ठेवते आहे. बहुतेकांचे विमानाचे तिकीट काढून झालेले असते, हॉटेलही ठरलेले असते, आणि ‘बेटांवर कसे जायचे ते तिथे गेल्यावर बघू’ म्हणून जहाजाचा विषय शेवटी उरतो. तो सगळ्यात आधी घ्यावा, असे मला मनापासून वाटते. एजियन, म्हणजे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या मधल्या, समुद्रात सहलीचा आराखडा जहाजे ठरवतात आणि जहाजांचे वेळापत्रक वारा ठरवतो. हे एकदा मान्य केले की बाकीचे निर्णय सोपे होतात.

फेरी म्हणजे क्रूझच ना?

नाही. क्रूझ हे तरंगते हॉटेल असते. ते दिवसभर एका बेटापाशी थांबते आणि संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून पुढे निघते. फेरी म्हणजे तिथली एसटी. बेटावरच्या शिक्षिका, सुट्टीवर घरी निघालेले सैनिक, भाजीचे ट्रक, औषधांची खोकी, पिंजऱ्यातली मांजर आणि आपण, सगळे एकाच जहाजातून जातो. तुम्ही तुमच्या सोयीने चढता, हव्या त्या बेटावर उतरता, हवे तितके दिवस राहता. २०२५ च्या उन्हाळ्यापासून सांतोरिनी आणि मिकोनोसवर उतरणाऱ्या क्रूझच्या प्रवाशांना ऐन हंगामात माणशी २० युरो कर लागतो. फेरीने येणाऱ्यांना तो लागू नाही.

कोणती बेटे एका सहलीत जोडता येतील?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ग्रीसची बेटे गटागटांनी आहेत. अथेन्सच्या अगदी जवळ सारोनिक आखातातली एगिना, पोरोस, हायड्रा. त्यांच्या आग्नेयेला सायक्लेडीज: मिकोनोस, पारोस, नाक्सोस, सांतोरिनी, मिलोस, सिरोस ही ओळखीची नावे याच गटातली. डिलोस या पवित्र बेटाभोवती वर्तुळ करून असलेली म्हणून त्यांचे हे नाव. आणखी पूर्वेला, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला खेटून, डोडेकनीज: रोड्स, कोस, पॅटमोस. दक्षिणेला एकटे आणि अवाढव्य क्रीट. उत्तरेकडे लेस्बोस, हिऑस, सामोस, आणि मुख्य भूमीला लागून स्पोरेडीज. पश्चिमेला, ग्रीसच्या पार दुसऱ्या अंगाला, आयोनियन समुद्रातली कॉर्फू, केफालोनिया, झाकिंथोस.

‘सांतोरिनीहून झाकिंथोसला फेरी किती वाजता आहे?’ असे मला किती तरी जणांनी विचारले आहे. झाकिंथोसच्या निळ्या खाडीचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण ही दोन बेटे दोन वेगळ्या समुद्रांत आहेत. त्यांच्यात फेरी नाही. आधी अथेन्सला परतायचे, मग जमिनीवरून किलिनी बंदर गाठायचे आणि तिथून पुन्हा जहाज धरायचे. त्यात एक अख्खा दिवस जातो.

एका गटातली बेटेसुद्धा सगळी एकमेकांना जोडलेली नसतात. जहाजे ठरलेल्या ओळींवर धावतात. पिरेअस (अथेन्सचे बंदर), पारोस, नाक्सोस, सांतोरिनी ही सगळ्यात वाहती ओळ. अथेन्सच्याच रफीना बंदराहून आंद्रोस, तिनोस, मिकोनोस ही दुसरी. पिरेअसहून किथनोस, सेरिफोस, सिफनोस, मिलोस ही पश्चिमेची तिसरी. एका ओळीत राहिलात तर रोज जहाज मिळते, तिकीट स्वस्त पडते आणि एक जहाज चुकले तर दुसरे असते. नकाशावर मिलोस आणि नाक्सोस शेजारी दिसतात, पण ओळ बदलावी लागत असल्याने हंगामाबाहेर तो प्रवास फार अवघड होऊन बसतो. म्हणून आधी ओळ निवडा, मग त्या ओळीतली बेटे निवडा.

वेळापत्रकात सांतोरिनी सापडतच नाही. असे का?

‘थिरा’ शोधा. बेटाचे अधिकृत नाव तेच आहे. कॉर्फूसाठी केर्किरा, झांटेसाठी झाकिंथोस, लेस्बोससाठी बऱ्याचदा तिथल्या मुख्य शहराचे नाव मितिलिनी. क्रीटला मात्र ‘क्रीट’ नावाचे बंदर नाही. इराक्लिओ, हान्या (तिथले बंदर सूदा), रेथिम्नो, सितिया अशी वेगवेगळी बंदरे आहेत आणि त्यांच्यातली अंतरे मोठी आहेत. आमोर्गोसला कातापोला आणि एयाली अशी दोन बंदरे, इकारियालाही दोन, सामोसला तर तीन. हॉटेल कोणत्या बंदराजवळ आहे ते पाहूनच तिकीट काढा. आमोर्गोसवर रात्री चुकीच्या बंदरात उतरलेल्या माणसाला टॅक्सी मिळेलच असे नाही.

साधे जहाज घ्यावे की हायस्पीड?

पिरेअसहून सांतोरिनीला साधे मोठे जहाज साडेसात-आठ तास घेते, हायस्पीड पाचेक तास. मिकोनोसला साधे पाच तास, हायस्पीड तीनच्या आत-बाहेर. नाक्सोसला साध्या जहाजाने सव्वापाच-साडेपाच तास लागतात. अलीकडच्या उन्हाळ्यांत पिरेअस ते नाक्सोस साध्या जहाजाचे भाडे साधारण ४० ते ५५ युरो होते. हायस्पीडला त्याच्या दीडपट ते दुप्पट मोजावे लागतात.

आकडे पाहून सगळे हायस्पीडकडे वळतात. मी साध्या जहाजाच्या बाजूने आहे आणि त्याची कारणे निव्वळ पैशांची नाहीत. हायस्पीड म्हणजे बहुतेक वेळा कॅटमरान, दोन सांगाड्यांची हलकी बोट. तिच्यात विमानासारख्या नेमून दिलेल्या खुर्च्यांवर बंद काचांआड बसायचे, उघड्या डेकवर जाता येत नाही किंवा जेमतेम कोपराभर जागा मिळते. लाटा उठल्या की ती आपटते. वारा वाढला की सगळ्यात आधी तीच रद्द होते. मोठे जहाज जड असते, संथ डुलते, आणि त्याच्यावर चार-पाच मजले उघडे डेक असतात. बेटे एकामागून एक पुढे सरकताना बघायची असतील तर ती तिथूनच दिसतात. दोन-तीन तास वाचवण्यासाठी हा प्रवासच टाळायचा असेल तर विमानाने गेलेले बरे. सांतोरिनी, मिकोनोस, पारोस, नाक्सोस, मिलोस, सगळीकडे विमानतळ आहेत.

एक अपवाद करते. सांतोरिनी ते क्रीटच्या इराक्लिओपर्यंत हायस्पीड जेमतेम दोन तासांत नेते आणि त्या टप्प्यावर उन्हाळ्यात मुख्यतः त्याच बोटी असतात. तिथे ती घ्या. फक्त सकाळी भरपेट खाऊन चढू नका.

रात्रभराचा प्रवास कसा असतो?

पिरेअसहून क्रीटला रोज रात्री मोठी जहाजे सुटतात. नऊच्या सुमारास निघून पहाटे इराक्लिओला पोहोचतात. रोड्सचा प्रवास पंधरा तासांहून लांबतो. केबिन घेतली तर स्वच्छ चादरी, छोटे न्हाणीघर आणि शांत झोप मिळते. हॉटेलची एक रात्रही वाचते. चौघांचे कुटुंब असेल तर पूर्ण केबिन परवडते. एकट्या माणसाला सहप्रवाशांबरोबर एक बिछाना घेता येतो; पुरुषांच्या आणि बायकांच्या केबिनी वेगळ्या असतात. साधे डेकचे तिकीट असेल तर बसायची जागा ठरलेली नसते. ग्रीक विद्यार्थी सरळ पथाऱ्या पसरून झोपतात. मधला पर्याय क्रमांकाच्या आरामखुर्चीचा. वातानुकूलन इतके कडक असते की शाल हाताशी हवीच.

तिकीट कधी आणि कुठून काढावे?

उन्हाळ्याची वेळापत्रके एकदम जाहीर होत नाहीत, वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत हळूहळू उघडतात. ऑक्टोबरमध्ये पुढच्या जुलैचे जहाज शोधले आणि दिसले नाही, तर घाबरू नका. सगळ्या कंपन्यांची जहाजे एकत्र दाखवणारी फेरीहॉपरसारखी संकेतस्थळे आहेत, भारतीय कार्ड तिथे चालते. बंदराजवळच्या तिकीट कार्यालयांतूनही तिकीट मिळते आणि भाव सहसा तोच असतो.

घाई कुठे करायची? जुलै-ऑगस्टमधल्या हायस्पीड बोटी, रात्रीच्या केबिनी आणि गाडीची जागा हे लवकर संपते. साध्या जहाजाचे डेकचे तिकीट मे, जून, सप्टेंबरमध्ये बहुतेक वेळा आदल्या दिवशीही मिळते. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत, तरी त्यांच्या नावाचे तिकीट काढावेच लागते. त्याहून मोठ्या, दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना बहुतेक ठिकाणी अर्धे तिकीट असते.

पासपोर्ट दाखवावा लागतो का? व्हिसाचे काय?

ग्रीक बेटांमध्ये फिरताना कुठेही शिक्का मारत नाहीत. सगळा देशांतर्गत प्रवास. पण तिकिटावर नाव असते आणि चढताना ओळखपत्र मागू शकतात. म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा आणि तिकीट काढताना नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहा. वडिलांचे नाव मध्ये घालायचे की नाही, यावर वेळ घालवू नका. पासपोर्टवर पाहा आणि उतरवा.

तुर्कस्तानचा मोह मात्र जपून. कोसहून बोद्रुम, सामोसहून कुशादासी, रोड्सहून मार्मारिस, हिऑसहून चेश्मे अशा छोट्या फेऱ्या आहेत. समोरचा किनारा डोळ्यांना दिसत असतो. दिवसभर जाऊन येऊ असे वाटते. पण तो वेगळा देश आहे. आपल्या पासपोर्टला त्याचा वेगळा व्हिसा लागतो, आणि तुमचा शेंगेन (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर बोटीत पाऊल ठेवताच तो संपतो. मग परत ग्रीसमध्ये येता येत नाही. अशी सहल करायची असेल तर मुंबईतून अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि हातात आल्यावर त्यावर काय छापले आहे ते वाचा.

अथेन्सच्या विमानतळावरून बंदरापर्यंत कसे जायचे?

आधी तिकिटावर बंदर कोणते आहे ते बघा. अथेन्सला तीन बंदरे आहेत: पिरेअस, रफीना आणि लाव्रिओ.

पिरेअसला मेट्रोची निळी मार्गिका, म्हणजे मार्गिका ३, थेट जाते. ऑक्टोबर २०२२ पासून ही सोय झाली. त्याआधी मध्ये गाडी बदलावी लागे. तासभर लागतो, विमानतळाचे तिकीट ९ युरो. मेट्रो रात्री बंद असते. पहाटे उतरलात तर ‘एक्स ९६’ ही बस चोवीस तास चालते.

पिरेअस प्रचंड आहे. ई-१ ते ई-१२ अशी फाटके आहेत. मेट्रो स्थानकासमोर ई-६ येते, पण रोड्सची जहाजे ई-१ वरून सुटतात आणि ते बंदराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. बॅगा ओढत उन्हातून चालायला अर्धा तास सहज लागतो. बंदराच्या आत मोफत बस फिरते, ती धरा. फाटक कधी कधी शेवटच्या दिवशी बदलते, म्हणून आदल्या संध्याकाळी निरोप तपासा.

रफीना विमानतळापासून खूप जवळ आहे. मिकोनोस, तिनोस किंवा आंद्रोसला जायचे असेल आणि अथेन्स बघायचे नसेल, तर तेच बंदर सोयीचे. बस अर्ध्या-पाऊण तासात पोहोचवते.

किती आधी पोहोचावे? चढण्याची पद्धत काय?

पिरेअसला तासभर आधी, बेटावर अर्धा-पाऊण तास आधी.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो पाहिली असेल तर पद्धत ओळखीची वाटेल. जहाज पाठीमागून धक्क्याला लागते, मागचा लोखंडी दरवाजा खाली टेकतो आणि त्याच उतारावरून गाड्या व माणसे आत जातात. पहिल्यांदा बघणारा बिचकतो. ट्रकचे इंजिन घुरघुरते आहे, खलाशी ओरडत आहेत, उतरणारे आणि चढणारे समोरासमोर आलेत. घाबरू नका. कडेकडेने चाला, मुलांचा हात सोडू नका.

बेटांवर जहाज मोजून पाच-दहा मिनिटे थांबते. तुमचे बेट यायच्या वीसेक मिनिटे आधी घोषणा होते. ती झाली की उठा आणि खाली गाड्यांच्या मजल्यावर जाऊन उभे राहा. अंधारात, डिझेलच्या वासात सगळे दाटीवाटीने उभे असतात, आणि मग दरवाजा हळूहळू खाली जातो, उजेडाची एक पट्टी रुंदावत जाते आणि समोर पांढरे गाव उभे असते. मला आजही त्या क्षणी गलबलून येते.

हलणाऱ्या दरवाजावर धावत चढायचा विचारही करू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये पिरेअसला शेवटच्या क्षणी चढू पाहणाऱ्या एका प्रवाशाला जहाजावरच्या कर्मचाऱ्याने ढकलले आणि तो पाण्यात पडून बुडाला. सगळा ग्रीस त्या घटनेने हादरला होता. चुकलेले जहाज उद्या मिळेल.

सामान किती न्यावे? कुठे ठेवतात?

विमानासारखे वजन करत नाहीत. गाड्यांच्या मजल्यावर बेटांच्या नावांच्या पाट्या लावलेले रॅक असतात, आपल्या बेटाच्या रॅकवर मोठी बॅग ठेवून वर जायचे. पासपोर्ट, पैसे, औषधे, फोनचा चार्जर, स्वेटर हे पाठीवरच्या पिशवीत वर न्या, कारण प्रवासात खालचा मजला बंद असतो. माणशी एकच बॅग आणि ती स्वतःला उचलता येईल एवढीच, हा नियम घरच्या सगळ्यांकडून पाळून घ्या.

बोट लागेल का?

ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोटही लागू शकते. मोठे जहाज आणि मे-जूनचा समुद्र असेल तर बहुतेकांना काहीच होत नाही. वारा असेल तर जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसा. तिथे हेलकावे सगळ्यात कमी. पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त. पुस्तक आणि फोन बाजूला ठेवा, नजर क्षितिजावर ठेवा. पोट अगदी रिकामेही नको आणि तुडुंबही नको.

गोळी मळमळ सुरू झाल्यावर नाही, निघायच्या तासभर आधी घ्यायची असते. अ‍ॅव्होमीन आपल्याकडे घरोघरी असते, पण तिने झोप येते, आणि लहान मुले, वयस्कर माणसे व इतर औषधे चालू असलेले यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मी आलेपाकाच्या वड्या घेऊन जाते. एकदा शेजारी बसलेल्या ग्रीक आजींना दिल्या, त्यांनी दोन खाल्ल्या आणि तिसरी रुमालात बांधून घेतली.

वाऱ्यामुळे जहाज रद्द होते म्हणतात, ते कितपत खरे?

पूर्ण खरे आहे.

उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून एक कोरडा वारा वाहतो. त्याला मेल्टेमी म्हणतात. प्राचीन ग्रीक त्याला ‘दरवर्षी येणारे वारे’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. मध्य युरोप आणि बाल्कनवर हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानवर उन्हाने कमी, आणि या दोहोंमधून वारा खाली धावतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वाधिक. आपल्याकडे वादळ म्हटले की काळे ढग आणि पाऊस डोळ्यांसमोर येतात. मेल्टेमीत आकाश लख्ख निळे असते, ऊन पडलेले असते आणि समुद्र पांढरा फेसाळलेला असतो. म्हणूनच नवख्याचा विश्वास बसत नाही.

वारा ब्यूफोर्ट मापात मोजतात. बेटांवर चहाच्या टपरीसारख्या कॅफेत बसलेला माणूससुद्धा ‘आज सात बोफोर’ असे सांगतो. साधारण सहा-सातला छोट्या आणि वेगवान बोटी अडकू लागतात, आठ-नऊला मोठी जहाजेही थांबतात. तटरक्षक दल बंदी जाहीर करते. तिला ‘आपागोरेफ्तिको’ म्हणतात. हा एक ग्रीक शब्द पाठ करून जा.

मी एकदा नाक्सोसला अडकले. सकाळी बंदरावरच्या तिकीट कार्यालयातल्या बाईंनी तोच शब्द उच्चारला आणि खुर्ची दाखवली. आमचे मुंबईचे विमान दोन दिवसांनी होते, म्हणून आम्ही बाजारात जाऊन चीज घेतले आणि एक दिवस जास्त राहिलो. त्याच निवासात एक तरुण जोडपे होते, त्यांचे विमान त्याच रात्री अथेन्सहून होते. तिचा रडवेला चेहरा मला अजून आठवतो. त्यांच्या पहिल्या परदेशप्रवासाचा शेवट असा व्हायला नको होता, आणि कोणी आधी सांगितले असते तर तो झालाही नसता.

म्हणून कळकळीने सांगते: ज्या दिवशी परतीचे विमान आहे त्या दिवशी बेटावरून जहाजाने यायचे नाही. शेवटची रात्र अथेन्समध्ये काढा, आणि जुलै-ऑगस्ट असेल तर दोन रात्री. अॅक्रोपोलिस शेवटी बघा, काही बिघडत नाही.

रद्द झाले तर पैसे परत मिळतात का?

मिळतात. २०१० चा युरोपीय नियम क्रमांक ११७७ प्रवाशाच्या बाजूचा आहे. जहाज रद्द झाले किंवा सुटायला दीड तासाहून जास्त उशीर होणार असेल, तर पूर्ण पैसे परत घ्यायचे की पुढच्या जहाजाने जायचे हे तुम्ही ठरवायचे. पोहोचायला उशीर झाला तर भरपाई वेगळी: चार तासांपर्यंतच्या प्रवासात एक तास, चार ते आठ तासांच्या प्रवासात दोन तास, आठ ते चोवीस तासांच्या प्रवासात तीन तास उशीर झाल्यास तिकिटाचे २५ टक्के, आणि उशीर याच्या दुप्पट झाला तर ५० टक्के. मात्र कारण खराब हवामान असेल तर ही भरपाई मिळत नाही आणि मुक्कामाचा खर्चही कंपनीवर पडत नाही. तिकिटाचे मूळ पैसे तेव्हाही मिळतात. तिकीट काढताना परदेशी फोन क्रमांक आणि ईमेल नीट भरा, कारण रद्द झाल्याचा निरोप तिथेच येतो.

संपाचे काय?

ग्रीसमध्ये खलाशांचे संप होतात, बहुतेक चोवीस तासांचे आणि काही दिवस आधी जाहीर केलेले. त्या दिवशी जहाजे धक्क्याला बांधलेली राहतात. १ मे या दिवशी प्रवास आखू नका.

ही जहाजे सुरक्षित असतात का?

हो. या प्रश्नामागची भीती मी समजू शकते. ज्या घरांनी कोकणातल्या आगबोटींच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना ती असतेच.

ग्रीसनेही फार मोठी किंमत मोजली आहे. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्स्प्रेस सामिना’ हे जहाज पारोसच्या बंदराबाहेर पोर्तेस नावाच्या खडकांवर आदळले. खडकांवर दिवा होता, तो दिसत होता. जहाज स्वयंचलित सुकाणूवर सोडलेले होते आणि पाणी अडवणारे आतले दरवाजे उघडे होते. पाचशेहून अधिक माणसांपैकी ८० च्या आसपास बुडाली. वाऱ्यात पारोसचे कोळी आपल्या छोट्या होड्या घेऊन बाहेर पडले नसते तर आकडा किती तरी वाढला असता. आज वारा वाढताच जहाजे बंदरात थांबवतात तेव्हा प्रवासी चिडतात. मला मात्र त्या वेळी पारोसची ती रात्र आठवते.

शाकाहारी माणसाची खाण्याची सोय होते का?

छान होते. जहाजावर पालक भरलेली खारी म्हणजे स्पानाकोपिता, चीजची तिरोपिता, तीळ लावलेला गोल पाव म्हणजे कुलुरी, सलाड आणि गार कॉफी हे सगळीकडे मिळते. अंडे आणि दूधही नको असेल तर ‘निस्तीसिमो’ असे विचारा. उपवासाच्या दिवसांत चालणारा पदार्थ, असा त्याचा अर्थ. शिंपले-कोळंबी त्यांच्या उपवासाला चालतात, तेवढे मात्र विचारून घ्या. घरचा डबा नेला तर कोणी अडवत नाही. सिरोसच्या बंदरात थांबलात तर गुलाबाचे लुकुमी, म्हणजे साखरेत घोळलेल्या मऊ वड्या, घ्या.

आई-बाबांना झेपेल का?

मोठ्या, नव्या जहाजांवर लिफ्ट किंवा सरकते जिने असतात. जुन्या आणि छोट्या बोटींवर उभे, अरुंद जिने असतात. तिकीट काढण्यापूर्वी जहाजाचे नाव पाहून ते शोधा. चाकांची खुर्ची किंवा मदत हवी असेल तर ४८ तास आधी कंपनीला कळवा. त्याच युरोपीय नियमाप्रमाणे त्यांनी ती विनामूल्य द्यायची असते. पासष्टीच्या पुढच्यांसाठी सलग प्रवास चार-पाच तासांपेक्षा मोठा ठेवू नका, आणि बिझनेस वर्गाला थोडे जास्त पैसे पडले तरी घ्या, कारण तिथे जागा नक्की असते.

दोनच दिवस असतील तर पिरेअसहून एगिनाला न्या. साधे जहाज सव्वा तासात पोहोचते, वारा फारसा लागत नाही, आणि अफाइआचे प्राचीन मंदिर आई-बाबांना निवांत बघता येते.

भाड्याची गाडी जहाजात नेता येते का?

भाड्याने देणाऱ्याची लेखी परवानगी असेल तरच, आणि विम्याचे नीट विचारून. प्रत्येक बेटावर नवी गाडी घेणे बहुतेक वेळा स्वस्त पडते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या.

कोणत्या महिन्यात जावे?

मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर. मे-जून आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीत बसतात, या महिन्यांत मेल्टेमीचा जोर नसतो, जहाजे पुरेशी असतात. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आठवड्यात सगळा ग्रीस गावी निघतो. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की ऑक्टोबरअखेर बहुतेक हायस्पीड बोटी बंद होतात आणि बेटांवरची हॉटेलेही. तेव्हा क्रीट किंवा रोड्स निवडा.

१५ ऑगस्ट हा तिथे मेरीमातेचा सण. त्या दिवशी तिनोसला जाणारे प्रत्येक जहाज भरून वाहते. १८२३ मध्ये तिथे मातेची प्रतिमा जमिनीत सापडली. बंदरातून वर टेकडीवरच्या चर्चपर्यंत रस्त्याच्या कडेने गालिच्याची पट्टी घातलेली आहे आणि नवस बोललेल्या बायका गुडघ्यांवर रांगत वर जातात. ज्याने पंढरीच्या वाटेवर लोटांगण घालणारी माणसे पाहिली आहेत त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. याच सणाला, १५ ऑगस्ट १९४० रोजी, इटलीच्या पाणबुडीने तिनोसच्या बंदरात उभी असलेली ग्रीक युद्धनौका ‘एली’ बुडवली होती. तिनोसचे लोक ती तारीख दोन्ही अर्थांनी पाळतात.

डेकवर कोणत्या बाजूला उभे राहावे?

हा प्रश्न कोणी विचारला की मला आनंद होतो. उत्तरेकडून सांतोरिनीच्या ज्वालामुखीच्या विवरात शिरताना डावी बाजू. वर कड्याच्या टोकावर इया आणि मग फिरा ही गावे दिसतात, आणि खाली राखेचे, लाव्ह्याचे काळे-तांबडे थर. इ.स.पू. १६०० च्या सुमारास झालेल्या उद्रेकाने हे बेट मधून खचले. तुमचे जहाज त्याच बुडालेल्या विवरावरून चाललेले असते. पारोसहून नाक्सोसला येतानाही डावीकडे राहा. बंदराच्या तोंडाशी अपोलोच्या अपुऱ्या मंदिराची संगमरवरी चौकट एकटी उभी आहे, इ.स.पू. सहाव्या शतकापासून.

सांतोरिनीला फेरी आथिनिओस बंदरात लागते. फिराखालचे, ५८८ पायऱ्यांचे आणि रोपवेचे जुने बंदर क्रूझवाल्यांसाठी आहे. आथिनिओसहून वर जायला नागमोडी घाट आहे. जहाज येताच बस उभी असते, तिच्याकडे आधी चाला.

आपले जहाज कुठे आहे ते फोनवर कळते का?

मरीनट्रॅफिकवर जहाजाचे नाव टाका. ही सेवा २००७ मध्ये एजियन विद्यापीठातल्या एका प्रकल्पातून, सिरोस बेटावर सुरू झाली. आता जगभरचे लोक ती वापरतात.

गर्दी नसलेली बेटे पाहायची आहेत. जहाज मिळेल?

मिळेल, आणि या पानावरचा माझा सगळ्यात लाडका सल्ला हाच आहे. नाक्सोसहून ‘एक्स्प्रेस स्कोपेलितिस’ नावाची एक छोटी बोट इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसिया, दोनूसा या चिमुकल्या बेटांना स्पर्श करत आमोर्गोसला जाते. या बेटांवर काही शे माणसे राहतात. किराणा, गॅसच्या टाक्या, टपाल, सगळे तिच्यावरून येते. तोट्यात चालणाऱ्या अशा मार्गांना सरकार पैसे देते. त्यांना ‘आगोनी ग्रामी’ म्हणतात, म्हणजे नापीक मार्ग. हिवाळ्यात मोठ्या कंपन्या पाठ फिरवतात तेव्हा असल्याच मार्गांवर ही बेटे जगतात.

बोट लहान असल्याने हलते. वाऱ्याच्या दिवशी टाळा. शांत दिवशी सकाळपासून डेकवर बसा. प्रत्येक धक्क्यावर कोणीतरी कोणाला घ्यायला आलेले असते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने दहा दिवस कसे आखावेत?

अथेन्सला उतरून एक रात्र. सकाळच्या साध्या जहाजाने पारोस किंवा नाक्सोस, दोहोंपैकी एकावर चार रात्री. दुसरे बेट तासाभराच्या अंतरावर आहे, एक दिवस जाऊन या. मग सांतोरिनीला दोन रात्री, कारण त्याहून जास्त गर्दी सोसवत नाही. परतीच्या जहाजाने पिरेअस, आणि अथेन्समध्ये दोन रात्री. मिकोनोस यात नाही. पाच दिवसांत चार बेटे करणाऱ्यांनी मला सांगितलेल्या आठवणी बहुतेक बॅगा भरण्याच्या असतात. पोहोचल्यावर नाक्सोसच्या जुन्या बाजारात ग्राविएरा चीज घ्या, कुलुरी घ्या आणि पुढच्या जहाजासाठी राखून ठेवा.